पाचवी फ्लॉपी

सोमवार, ९ नोव्हेंबर १९९८

आज मूर्खपणा केला. साडेचारशे रुपयांची कादंबरी घेतली, आणि तीही कागदाची नाही, फ्लॉपींची. डब्यावर धुक्यातला बंगला, एक टेलिफोन आणि पाठमोरी बाई. नाव 'पाचवी रिंग'. खाली छापलंय, 'प्रेम आणि रहस्य, आता तुमच्या संगणकावर'. माझ्याकडे कुठला आलाय संगणक. श्रीरामपूरला ज्या क्लासमध्ये मी शिकवते तिथल्याच एका मशीनवर, दोन बॅचच्या मधल्या वेळात वाचायची.

चेतन सरांनी पुण्याहून आणली. ते आमचे मालक काकासाहेब यांचे पुतणे. क्लासच्या मशीन दुरुस्त करतात, पुण्याहून सुटे भाग आणतात, आणि मधूनमधून असलं काहीतरी. म्हणाले, "तुम्ही वाचणाऱ्या. तुमच्यासाठीच उचलली." असं कुणी म्हटलं की माझी मान आपोआप हलते. दिवाळीचा बोनस गेला.

डब्यात पाच खाचा, पण फ्लॉपी चारच. पाचवी खराब निघाली म्हणे. सर बदलून आणणार आहेत.

आईला किंमत सांगितलेली नाही. बापूंनी डबा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "यात वाचायचं कुठून?" पुणतांब्याच्या स्टेशनात रुळांचे सांधे बदलण्यात वडिलांची सगळी नोकरी सरली. जे दिसत नाही त्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

पहिली फ्लॉपी संपली. उघडली तेव्हा अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आणि खुणा. वेगळा फॉन्ट टाकावा लागतो हे डब्यावर कुठेच लिहिलेलं नाही. साडेचारशे रुपयांत तेवढं तरी लिहायचं. चेतन सरांनी टाकून दिला आणि माझ्या खुर्चीमागे उभं राहून पहिलं पान मोठ्याने वाचलं. त्यांचा आवाज चांगला आहे.

गोष्ट महाबळेश्वरची. मृण्मयी नावाची मुलगी मावशीच्या बंगल्यात एकटी. रोज संध्याकाळी फोन वाजतो, पाचव्या रिंगला ती उचलते, पलीकडे नुसता श्वास. शेजारी शर्विल, उंच, घोड्यावरून हिंडणारा. आणि एक कुबडा माळी, ज्याला आपण घाबरावं अशी लेखकाची इच्छा. पानोपानी धुकं उतरतं आणि मृण्मयीचे ओठ थरथरतात. पण खोटं कशाला लिहू, पुढे काय होतं म्हणून दुसरी फ्लॉपी लगेच घालावीशी वाटली. तेवढ्यात चारची बॅच आली.

या बॅचला गहिनीनाथ म्हणून एक नवे आलेत. चाळिशीचे असतील. साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर कारकून आहेत. काट्यावर कॉम्प्युटर बसणार आहे; परीक्षा पास झाले नाहीत तर ती खुर्ची जाईल. सगळ्या बॅचमध्ये तेवढेच मोठे, बाकी कॉलेजची मुलं. बोलत नाहीत, नुसते बघत राहतात. मी टाइप करायला लागले की नजर माझ्या बोटांवरून हलत नाही. पार्टिशनपलीकडे टायपिंगचा क्लास घेणाऱ्या शुभांगीला सांगितलं तर म्हणाली, "बोटांकडेच बघतात ना? मग बघू दे."

मंगळवार, १७ नोव्हेंबर

दुसरी फ्लॉपी वाचली. फोन करणारा शर्विलच आहे, पैज लावते. मृण्मयी घाबरली की तो नेमका दारात. एवढं तिला कळू नये? बी.ए. झालेली दाखवलीय. चेतन सरांना म्हटलं तर ते हसले. "शेवटपर्यंत वाचा. शेवट वाचल्याशिवाय काही ठरवायचं नाही."

आज क्लासच्या फोनवर ब्लँक कॉल आला. पाचच्या बॅचला. हॅलो, हॅलो, काही नाही. कालही आला होता. नेहमी फोन चेतन सर उचलतात, पण पाच वाजता ते चहाला बाहेर जातात, म्हणून मी उचलला. शुभांगीला गंमत म्हणून सांगितलं, "माझंही महाबळेश्वर सुरू झालं."

शुक्रवार, २० नोव्हेंबर

आता गंमत वाटत नाही.

आज पुन्हा. मी ठेवणार तेवढ्यात पलीकडून हळूच "प्रज्ञा" असं आलं. नुसतं माझं नाव. तोंडावर रुमाल धरून बोलावं तसा घोगरा आवाज. मागे कसला तरी कर्ण्याचा आवाज होता, आणि मग स्पष्ट ऐकू आलं, "राहाता, शिर्डी... फलाटावर लागलेली आहे." म्हणजे फोन एसटी स्टँडवरच्या, नाणं टाकायच्या पिवळ्या डब्यावरून होता.

मला त्याच स्टँडवरून रोज पुणतांब्याची गाडी धरायची असते. आज गाडी येईपर्यंत चौकशीच्या खिडकीला पाठ लावून उभी राहिले. सगळे पुरुष सारखेच दिसायला लागले. चणे घेणारा, पेपर वाचणारा, कंडक्टर. कुणी खोकला तरी वाटायचं, हाच.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

काल संध्याकाळी गहिनीनाथ स्टँडवर दिसले. फोनच्या डब्याशेजारच्या बाकावर. माझ्याकडे पाहिलं, उठायला लागले, मग परत बसले. त्यांची बॅच पाचला सुटते आणि फोन पाचनंतर येतात.

तीन वेळा मनाशी म्हटलं, त्यांची गाडीही तिथूनच सुटत असेल. तरी चौकशीच्या खिडकीकडे सरकलेच.

आज चेतन सरांना सांगितलं. घरी सांगितलं तर बापू नोकरी सोड म्हणतील, शुभांगी हसण्यावारी नेईल. सर हसले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तू एकटी नाहीस. एवढं लक्षात ठेव." आजपासून अगंतुगं करतात, ते बरं वाटलं. बोलता बोलता त्यांना रविवारच्या पाहुण्यांचंही सांगून टाकलं. अकोल्याकडचं स्थळ आहे, मुलगा प्रशांत, शाळेत शिक्षक आहे. त्यांनी विचारलं, "तुला करायचंय का?" मी म्हटलं, बघू.

तिसऱ्या फ्लॉपीत माळ्याला हाकलून देतात. बिचारा. मला माहिती आहे तो काही करत नाही ते.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

"अकोल्याच्या लोकांना नाही म्हणून सांग. नाहीतर मी येईन रविवारी."

एवढंच बोलला आणि ठेवला. बॅच समोर बसली होती. मी 'फाइल सेव्ह कशी करायची' ते तसंच पुढे शिकवत राहिले. काय शिकवलं आठवत नाही.

त्याला कसं कळलं? घरी आम्ही तिघं. शुभांगीला सांगितलंय, चेतन सरांना सांगितलंय. सरांना सांगितलं तेव्हा चारची बॅच भरत होती. गहिनीनाथ नेहमी सगळ्यांच्या आधी येऊन बसतात. ऐकलं असेल. दुसरं कोण?

घरी येऊन आईला म्हटलं, पाहुण्यांना आता नको, पुढच्या महिन्यात बोलवा, माझं डोकं दुखतंय. आई म्हणाली, "रविवारचं डोकं शुक्रवारीच दुखाया लागलं?" बापूंनी वर पाहिलं. त्यांनी निरोप पाठवला.

शनिवार, २८ नोव्हेंबर

आज मी नाव घेतलं.

सकाळी चेतन सरांनी विचारलं, "कुणावर संशय आहे? तू फक्त नाव सांग." मी म्हटलं, खात्री नाही. ते म्हणाले, "खात्री होईपर्यंत थांबायचं का? उद्या रविवार आहे." मग मी सांगितलं.

चारला गहिनीनाथ आले तेव्हा सरांनी त्यांना दारातच अडवलं. सगळी बॅच बघत होती. "बाईमाणसांना फोन करता काय? वय काय तुमचं?" गहिनीनाथांना आधी कळेचना. ते माझ्याकडे बघायला लागले. मी कीबोर्डकडे बघत होते. ते म्हणाले, "साहेब, कसला फोन? मला न्हाई समजलं." सरांनी त्यांची वही बाहेर भिरकावली. ती उचलून, झटकून, ते जिना उतरून गेले. भांडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. चोर असता तर ओरडला असता का, की गप्प बसला असता, ते मला कळत नाही.

काकासाहेब संध्याकाळी आले. "बरं झालं, घाण गेली," म्हणाले.

गुरुवार, ३ डिसेंबर

सहा दिवस झाले, फोन नाही. म्हणजे तेच होते. जेवण जातंय, झोप लागतेय.

चेतन सर रोज संध्याकाळी मोटारसायकलवर घरापर्यंत सोडतात. मी म्हटलं होतं, आता कशाला. ते म्हणाले, "तो माणूस मोकळा फिरतोय." काल कोपऱ्यावर उतरवा म्हटलं तर दारापर्यंत आले, आईला नमस्कार केला, पाणी प्यायले, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून म्हणाले, "मला जातीबितीचं काही नाही, मावशी." आई म्हणाली, "बरं." ते गेल्यावर भांडी जरा जास्तच आपटली. मी विचारलं तर म्हणाली, "एसटी बंद पडली का?"

आईला उपकाराची किंमत नाही.

चौथी फ्लॉपी कंटाळवाणी. नुसता दरीकाठचा सूर्यास्त. सर रोज विचारतात, कुठवर आलं.

मंगळवार, ८ डिसेंबर

पाचवी मिळाली. वेगळ्या कंपनीची, चिठ्ठीवर निळ्या शाईने '५' लिहिलेलं. सरांनी माझ्या हातात दिली आणि हात लगेच सोडला नाही. "उद्या जेवणाच्या सुटीत वाच. शांतपणे. मग मला सांग."

मला काय वाटतंय ते मला नीट लिहिता येत नाही. वाईट वाटत नाहीये. पण बरंही वाटत नाहीये.

बुधवार, ९ डिसेंबर. दुपारी, क्लासमध्ये

संपली. हे लगेच लिहितेय, कारण इतका संताप आलाय.

शर्विलच. फोन तोच करत होता. हे दुसऱ्या फ्लॉपीत कळलं होतं आणि उरलेल्या तीन फ्लॉपी मी लेखकाकडे याहून काहीतरी जास्त असेल या आशेवर वाचल्या. काही नाही. मृण्मयी विचारते, का केलंस? तो म्हणतो, तू भ्यायलीस तेव्हाच माझी झालीस. आणि ती बया रडते, हसते आणि त्याच्या गळ्यात पडते. धुकं उतरतं. समाप्त. ज्या माळ्याला हाकलला त्याचं पुढे काय झालं, एक ओळ नाही. तो मेला की जगला, लेखकाला पत्ता नाही.

यासाठी साडेचारशे रुपये. कागदाची असती तर निदान रद्दीत घालता आली असती. महिनाभर एका मुलीची झोप उडवायची, आणि शेवटी म्हणायचं, हे प्रेम होतं. ज्याने लिहिलं त्याला संध्याकाळचे फोन कधी आले नसणार.

जिन्यावर पाय वाजले. सर आले असतील. त्यांना हे सगळं सांगणार आहे.

गुरुवार, १० डिसेंबर

क्लासला गेले नाही.

शुक्रवार, ११ डिसेंबर

आज लिहिते.

जेवणाच्या सुटीत आमचं शटर अर्धं खाली ओढलेलं असतं. चेतन वाकून आत आला. (आता सर लिहीत नाही.) पार्टिशनपलीकडे शुभांगीच्या बॅचचे टाइपरायटर वाजत होते.

"संपली?"

"संपली."

"मग? शेवट?"

"फालतू," मी म्हटलं. "ती त्याच्या गळ्यात का पडते तेच कळत नाही. पोलिसात द्यायला पाहिजे होतं त्याला."

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. "तू नीट वाचलं नाहीस. त्यानं तिला बोट तरी लावलं का? नुसते फोन केले. तिला कुणाची तरी गरज आहे, हे तिला कळावं म्हणून."

"घाबरवून?"

"घाबरल्याशिवाय कुणी कुणाकडे येतं का? तू आलीस ना."

मला कळायला वेळ लागला. खरंच लागला. मी त्याच्याकडे बघत होते आणि डोक्यात सगळं आपापल्या जागी जाऊन बसत होतं. पाचचा चहा. अकोल्याचे पाहुणे. घोगरा आवाज. महिनाभर न आलेली पाचवी फ्लॉपी. मी म्हटलं, "गहिनीनाथ?"

"त्याचं नाव तू घेतलंस. मी कुठे घेतलं?"

हे तो शांतपणे म्हणाला. धमकावत नव्हता, मला समजावत होता, लहान मुलाला बेरीज समजवावी तसं. मग बोलतच राहिला. घरच्यांचा विरोध होईल पण तो बघून घेईल. माझी जात त्याला आडवी येत नाही, दुसरा कुणी एवढं करणार नाही, हे मी लक्षात ठेवावं. बोलता बोलता तो मागे सरकला आणि शटर आणखी खाली आलं. मुद्दाम ओढलं की पाठ लागली, मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात पलीकडचे टाइपरायटर थांबले. बॅच सुटली. पोरी जिना उतरून जाताना ऐकू येत होत्या. त्या गेल्या की वरच्या मजल्यावर आम्ही दोघं, आणि पलीकडे अजून असली तर शुभांगी.

आवाज कसा कोण जाणे सरळ आला. मी पार्टिशनवर थाप मारली आणि म्हटलं, "शुभे, चहा सांगितलास का? मी केव्हाची वाट बघतेय."

मी दुपारी चहा पीत नाही. हे शुभांगीला माहीत आहे. पलीकडे तिच्या चपला वाजल्या, आणि तिने बाहेरून शटर पूर्ण वर केलं. एकदम ऊन आत आलं. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चल," म्हणाली, "खाली पिऊ."

तो म्हणाला, "आम्ही बोलतोय."

"बोलून झालं," मी म्हटलं.

शुभांगी पुणतांब्यापर्यंत माझ्याबरोबर आली. एसटीत तिने माझी पर्स मांडीवर धरली होती, कारण माझ्या हातून ती सारखी पडत होती.

त्याच दिवशी, उतरत्या उन्हात ओट्यावर बसून, आईबापूंना सगळं सांगितलं. आई म्हणाली, "त्याच्या गाडीवरून उतरलीस तवाच मला खटकलं हुतं. पर तू इतकी हसत हुतीस." बापू ओट्यावरून उठले. मला वाटलं आता म्हणतील, नोकरी बंद. ते म्हणाले, "त्या काटेवाल्याचं गाव कोनतं?"

"टाकळीकडचे आहेत. का?"

"पयलं तिथं जायाचं. चौकी मागून."

मी म्हटलं, मला तोंड दाखवायची लाज वाटते. बापू म्हणाले, "वाटू दे की. त्यानं काय बिघडतंय?"

रविवार, १३ डिसेंबर

बापूंबरोबर गेले. घर कारखान्याच्या रस्त्याला, अंगणात चाऱ्याला आणलेल्या उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या. गहिनीनाथ गाईला पाणी पाजत होते. मला बघून बादली खाली ठेवली आणि आत निघून गेले.

त्यांची बायको मनकर्णा बाहेर आली. तिने बसायला सांगितलं नाही. "आता काय राह्यलं?" म्हणाली. "कारखान्यात समद्यांना कळलं. आमच्या पोरीला शाळेत इच्यारत्यात, तुजा बाप बायांना फोन करतो का. ह्यांनी दोन दिस तोंडात घास घातला न्हाई."

मी उभ्याउभ्या सांगितलं. फोन त्यांनी केले नाहीत, कुणी केले ते मला कळलंय, आणि नाव मी घेतलं होतं. माफी मागितली. बापू हात जोडून उभे होते. मला ते बघवेना.

गहिनीनाथ दारात आले होते. म्हणाले, "बाई, तुमाला खरंच वाटलं हुतं का? का त्या साहेबानं सांगितलं म्हून?"

सोपं उत्तर होतं. मी म्हटलं, "मला वाटलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघायचात म्हणून. स्टँडवर फोनच्या बाकावर बसायचात म्हणून."

"बोटं कशी पडत्यात ते बघत हुतो," ते म्हणाले. "आनि त्या बाकाला सावली हाय."

मनकर्णाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून बापूंसमोर ठेवला, माझ्यासमोर नाही.

मी म्हटलं, उद्यापासून क्लासला या, परीक्षेला अजून महिना आहे. ते म्हणाले, "येतो. पर मला जसं दारात हुभं करून सांगितलं, तसंच तितं समद्यांम्होरं सांगा. माझ्या घरात सांगून काय उपेग?"

सोमवार, १४ डिसेंबर

काकासाहेबांना आधी भेटले. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "पोरगं नादान आहे. मी त्याला आपल्या नगरच्या दुकानात पाठवतो. तुम्ही वडलांना सांगा, चौकीबिकी नको. तुमचंच नाव होईल."

मी म्हटलं, चौकीत बापू सकाळीच गेलेत.

त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "बरं. पण बॅचला सांगताना 'गैरसमज झाला' एवढंच म्हणा. चेतनचं नाव कशाला?"

"गहिनीनाथांचं नाव घेतलं तेव्हा सगळ्यांनी ऐकलं," मी म्हटलं. "मग हेही ऐकू दे. नसेल चालत तर आजच सोडते, पण सांगून सोडते."

परीक्षा तोंडावर आणि शिकवायला मी एकटी. ते उठून खाली स्वतःच्या दुकानात गेले.

चारला गहिनीनाथ आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मशीनपुढची सगळी तोंडं वळली. मी फळ्यापुढे उभी राहिले. शुभांगी पार्टिशनच्या कडेला येऊन थांबली होती.

मी सांगितलं. "अठ्ठावीस तारखेला गहिनीनाथ यांना इथून हाकललं. मला फोन येत होते, आणि ते करतात असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. त्यांचा काही संबंध नाही. फोन चेतन करत होता. त्यानं ते माझ्या तोंडावर कबूल केलंय."

मागच्या रांगेतला कुणीतरी खुसखुसला. पुढच्या रांगेतली स्नेहल, जी कधी प्रश्न विचारत नाही, तिने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प झाला. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मलापण दिवाळीआधी यायचे. घरच्या फोनवर. मी कुणाला सांगितलं नव्हतं."

मी म्हटलं, सुटल्यावर थांब.

गहिनीनाथ आत येऊन आपल्या जागेवर बसले.

सोमवार, २१ डिसेंबर

चौकीत आता दोन अर्ज आहेत, माझा आणि स्नेहलचा. तिथले साहेब म्हणाले, बघतो. चेतन नगरला गेला, असं काकासाहेब म्हणतात. गावात काय बोलतात ते कानावर येतं. कुणी म्हणतं, गाडीवरून फिरत होती तेव्हा गोड लागलं. हे वाक्य मला स्वतःलाही सुचलं होतं, त्यामुळे ते जास्त लागतं.

काल अकोल्याचे पाहुणे येऊन गेले. चहाच्या आधीच बापूंनी त्यांना सगळं सांगून टाकलं, माझ्या चुकीसकट. "आदी चुकीच्या मानसाचं नाव घेतलं, मग बरोबर मानसाचं. दोन्ही तिनंच सांगितलं," म्हणाले. प्रशांतची आई चुळबुळली. प्रशांतने एवढंच विचारलं, "नोकरी चालू ठेवणार का?" मी म्हटलं, हो. त्यांचा निरोप अजून नाही. यावा असं वाटतं, पण डोळे लावून बसलेली नाही.

शनिवार, १६ जानेवारी १९९९

सोमवारी नगरला परीक्षा. आज शेवटचा सराव. वेळ लावून पेपर दिला.

अजून फोन वाजला की मी रिंग मोजायला लागते, पण उचलते. बहुतेक वेळा फीची चौकशी असते.

गहिनीनाथ आता बरं टाइप करतात. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं, पण चुका कमी. त्या दिवसानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात, आणि मी टाइप करत असले की दुसरीकडे बघतात. ते बघतात दुसरीकडे, आणि मग शिकायचं राहून जातं. म्हणून आज बाकीची मुलं पेपर संपवून गेल्यावर मी मुद्दाम त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले, कुठे अडतं ते बघायला.

ते थांबले. हात कीबोर्डवरच, पण बोटं हलेनात. मानेवर घाम आलेला. मला वाटलं विसरले.

मागे न बघता ते म्हणाले, "बाई, राग मानू नका. पर मागं हुभ्या राहू नका. कोन मागं हुभं असलं की माझा हात चालत न्हाई."

"बरं," मी म्हटलं.

मी बाहेर येऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. थोडा वेळ आतून काहीच ऐकू येईना. मग एक बटण वाजलं. मग दुसरं. मग सावकाश, न थांबता.